राखेवरचं पाणी

इंदूबाईला बसून करायचं काम मिळालं तेव्हा तिची पंचावन्न वर्षं उलटली होती. त्याआधीची चाळीस घाटंजीकडच्या शिवारात कापूस वेचण्यात गेली. कमरेला ओटी बांधायची, वाकायचं, बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून घ्यायची. हाडांची काडं झाली, गुडघे गेले. त्यात कापसाचे ते वाईट दिवस. मालकच हबकलेले, तिथं मजुराच्या गुडघ्यांना कोण विचारतो?

अशात यवतमाळच्या कॉलेजातले पियुष सर गावात आले आणि गिरणीमागच्या शेडात त्यांनी भट्टी मांडली. करंजाच्या बियांच्या तेलाचं डिझेल करायचं, अन् त्याला लागणारं औषध विकत न आणता पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, राखेतून काढायचं, असा त्यांचा हट्ट. गाव हसलं. शेतातून उपटून चुलीत घालतो ती पऱ्हाटी, तिच्या राखेवर म्हणे इंजिन चालणार! इंदूबाई मात्र हसली नाही. पऱ्हाटी जाळायची, राख चाळायची, पुन्हा भट्टीत लाल होईस्तोवर भाजायची, हे सगळं बसून होतं. तिनं तेवढंच ऐकलं आणि काम धरलं.

तेलात स्पिरिट आणि ही राख घालून ड्रम ऊन करून घोटला, की वर पिवळंधमक डिझेल यायचं, खाली काळपट गाळ बसायचा. नियम एकच. राखेला पाण्याचा थेंब लागता कामा नये, नाहीतर डिझेलऐवजी साबण होतो.

आता इंदूबाईची एक खोड सांगायला हवी. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी चुलीतली ठिणगी उडून दाराशी रचलेली पऱ्हाटी पेटली आणि तिची झोपडी गेली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून ओंजळभर पाणी मारल्याशिवाय ती कुठल्या चुलीपासून उठली नाही, दुसऱ्याच्या घरीसुद्धा नाही. शेडात ही खोड आड आली नव्हती, कारण भट्टीचं दार रोज सर स्वतः लावत आणि ती उठायच्या वेळी उघडा विस्तव समोर उरत नसे.

मग नागपूरच्या साहेबांची भेट ठरली. नव्या डिझेलवर गावाची पिठाची गिरणी चालवून दाखवायची. साहेब खूश झाले तर शेड आणखी तीन वर्षं चालणार होतं, म्हणजे इंदूबाईचं बसणंही. आदल्या दिवशी सर साहेबांना आणायला गेले आणि भट्टी तिच्या एकटीवर आली. अंगात कणकण होती. दिवेलागणीला तिनं दार लावलं, कडी घातली, घर गाठलं. सकाळी राखेत ढेकळं दिसली. तिनं ती बोटांनी फोडली, चाळली आणि डबा भरून ठेवला. इतका थकवा होता, की त्याचं नवलही वाटलं नाही.

साहेबांसमोर ड्रम घोटला आणि आत पिठल्यासारखा घट्ट फेस झाला. गिरणी चाललीच नाही. साहेबांनी चहाही न घेता गाडी वळवली. सरांचा चेहरा पडला. नलूनं आणलेल्या करंजाच्या बिया जुन्या, ओलसर असणार, असं ते म्हणाले. साहेब महिन्यानं एकदाच पुन्हा येणार होते, तोवर बिया दुसरीकडून घेऊ, असंही म्हणाले. नाल्याकाठून डोक्यावर बिया वाहून आणणारी नलू दारातच उभी होती.

फेस पाहून इंदूबाईला सकाळची ढेकळं आठवली, आणि त्यामागून आदल्या संध्याकाळी हाताशी असलेला प्यायच्या पाण्याचा तांब्या. पाहणारं कोणी नव्हतं. गप्प राहिली असती तर तिची जागा तिचीच राहिली असती.

"सर, तेल चांगलंच होतं," ती म्हणाली. "राखेवर पानी मीनंच मारलं. हाताले सवय हाय."

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. चार दिवसांनी त्यांनी नलूलाच भट्टीवर बसायला सांगितलं. इंदूबाईनं पुन्हा ओटी बांधली.

महिन्यानं ती वाकून वेचत असताना गावाकडून गिरणीचा आवाज आला. वीज तर सकाळपासून नव्हती. बाजूच्या ओळीतल्या बाया म्हणाल्या, चाललं वाटते नलूचं डिझेल. इंदूबाईनं मान हलवली आणि पुढच्या झाडाला हात घातला.

त्या संध्याकाळी नलू आली, चुलीशी बसली आणि काडीनं जमीन उकरू लागली. मग म्हणाली, "मावशी, तू कायले सांगितलं वो?"

राख किती लाल भाजायची, डबा कधी बंद करायचा, सगळं इंदूबाईनं नीट समजावलं. नलू उठायला लागली तशी तिचा हात धरून म्हणाली, "अन् एक ध्यानात ठेव, बाई. तांब्या शेडात नेऊच नको. तहान लागली तं भाईर येऊन पेत जाय."

नलू गेली. इंदूबाईनं आपल्या चुलीवर ओंजळभर पाणी मारलं, आणि गुडघे उठू देईनात म्हणून तिथंच बसून राहिली.