कोण कुणाशेजारी बसणार

राइडची आठ जणांची गाडी दार उघडून रिकामी उभी होती आणि तिच्यात बसायला आलेलं कुटुंब प्लॅटफॉर्मवर वाद घालत होतं. आत्याबाईंना जावयाशेजारी बसायचं नव्हतं. जावयाला बायको शेजारी हवी होती. बायकोला वहिनीजवळ बसायचं होतं, कारण वहिनी घाबरट. एक मुलगा आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसला होता. त्याला उठवल्याबरोबर त्याने भोकाड पसरलं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, आता उभेच आहोत तर एक फोटो काढून घेऊ.

माझ्या हातातला वॉकीटॉकी खरखरला. वर कंट्रोल रूममध्ये गुरप्रीत होता. पार्कचा ऑपरेशन्स हेड, म्हणजे सगळ्या राइड्स वेळेवर चालवणारा माणूस.

"मॅडम, गाड़ी छूट क्यों नहीं रही?"

"बुआजी मान नहीं रहीं," मी म्हटलं.

"पीछे तीन बुआजी और खड़ी हैं. कुछ करो यार."

मी रांगा डिझाइन करते. लग्नात कुणी काय करता असं विचारलं आणि मी हे उत्तर दिलं की समोरचा लगेच नवऱ्याची चौकशी करतो. नवरा केंद्र सरकारात आहे, आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो, आणि ते उत्तर सगळ्यांना कळतं. माझं काम थोडक्यात असं: थीम पार्कमध्ये राइडपेक्षा तिची रांग मोठी असते. ती नुसती लोखंडी दांड्यांमधून सरकली तर माणूस कंटाळतो. म्हणून रांगेतच गोष्ट सुरू करायची. माणूस उभा आहे रांगेत, पण त्याला वाटलं पाहिजे की खेळ सुरू झाला.

नोएडाकडच्या या पार्कमधली आमची राइड एका जुन्या बावडीची, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीची होती. रांग वळणावळणाने खाली उतरत जायची. प्रत्येक वळणावर उजेड थोडा कमी, गारवा थोडा जास्त, आणि भिंतीतून एक आवाज सांगायचा की या बावडीचं पाणी एका रात्रीत नाहीसं झालं आणि तिचा रखवालदारही. तळाशी प्लॅटफॉर्म. तिथे गाडीत बसायचं आणि अंधारात पाणी शोधायला निघायचं. याआधी मी प्रदर्शनातले स्टॉल आणि म्युझियमची तिकीटघरं केली होती. पहिल्या रेषेपासून शेवटच्या दिव्यापर्यंत माझी अशी ही पहिलीच रांग. तिच्यावर माझा फार जीव होता.

आमच्या धंद्यात डिस्पॅच नावाची एक गोष्ट असते. एक गाडी सुटल्यावर दुसरी सुटेपर्यंतचा वेळ. तो वाढला की मागची सगळी रांग जागच्या जागी थांबते. थांबलेल्या रांगेत गोष्ट पुढे जात नाही. भिंतीतला आवाज तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवतो. शनिवारी, सॉफ्ट ओपनिंगच्या पहिल्या दिवशी, म्हणजे गाजावाजा न करता थोड्या लोकांसाठी पार्क उघडतात तेव्हा, दुसऱ्या वळणावरचे लोक भिंतीतल्या आवाजाचा डायलॉग त्याच्याबरोबर म्हणायला लागले होते. एक मुलगी तर त्याची नक्कलही छान करत होती.

दुपारी पार्कचे मालक चोप्रासाहेब खाली उतरून आले. गर्दीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं.

"मृणालजी, लोग आपकी बावड़ी में बूढ़े हो रहे हैं."

"सर, बोर्डिंगला थोडा..." मी घाबरून मराठीतच सुरू केलं आणि मग हिंदीवर आले. "बोर्डिंग में थोड़ा टाइम लग रहा है."

"सोमवार को ये सब निकलवा देता हूँ. सीधी रेलिंग, सीधी लाइन. जो जगह बचेगी, उसमें छोले-कुलचे का काउंटर."

ते रागावलेही नव्हते. त्याचीच मला जास्त भीती वाटली. ओरडणाऱ्या मालकाचं मन वळवता येतं. शांतपणे छोले-कुलचे म्हणणाऱ्याने मनात नकाशा काढलेला असतो.

तुम्ही विचाराल, आधी ट्रायल घेतली नव्हती का? घेतली होती. अगदी रीतसर. भरपूर माणसं हवी होती, म्हणून मी आमच्या वसाहतीतल्या मराठी मंडळींना कुटुंबासकट बोलावलं. ते आले. सगळ्या पाट्या वाचल्या, एकीचं शुद्धलेखन सुधारलं. प्लॅटफॉर्मवर पोचल्यावर एकदा वळून पाहिलं की सहसचिव कुठे बसतात. ते पुढे बसले. त्यांच्या मागे संचालक, त्यांच्या मागे अवर सचिव, बायकामुलं त्याच हिशेबात. सरकारी वसाहतीतल्या माणसाला कुठे बसायचं हे शिकवावं लागत नाही. गाड्या भराभर सुटल्या. आकडे इतके सुंदर आले की गुरप्रीतने आम्हा सगळ्यांना लस्सी पाजली. त्या आकड्यांवर मी प्लॅटफॉर्म लहान ठेवला.

आता खरी दिल्ली आली होती, आणि तिच्यात सहसचिव नव्हते.

शनिवारी संध्याकाळी मी पहिला उपाय केला. रांगेत शिरतानाच प्रत्येकाला सीटचा नंबर दिला. सिनेमात चालतं, विमानात चालतं, इथे का चालू नये? चाललं नाही. लोकांनी नंबर घेतले, मान हलवली, आणि प्लॅटफॉर्मवर येऊन आपसात बदलायला सुरुवात केली. आधी नुसता वाद होता, आता वादात आकडे आले. एका गृहस्थांनी मला समजावून सांगितलं, "बेटा, नंबर ठीक है, पर मम्मी के साथ कौन बैठेगा, ये तो घरवाले ही तय करेंगे ना?" ते बरोबर बोलत होते.

मला रडू यायला लागलं होतं. स्टाफसमोर नको म्हणून मी रांगेतून उलटी वर चालत निघाले. मधल्या कट्ट्यावर थांबले. तिथे मी शोभेसाठी चार रुंद पायऱ्या केल्या होत्या. त्यांच्यावर एक कुटुंब आपल्या आजीला, बीजींना घेऊन फोटोसाठी उभं राहत होतं.

"बीजी को आगे करो." "आगे नहीं, बीच में." "जीजाजी, आप उधर." "बंटी, चाची के पास." "मैं चाची के पास नहीं." "अच्छा, नानू के पास."

मी बघतच राहिले. हे सगळं मी ऐकलेलं होतं. अर्ध्या तासापूर्वी, खाली, गाडीच्या दारात, दुसऱ्या कुटुंबाच्या तोंडून. तोच वाद, त्याच नात्यांमध्ये, त्याच क्रमाने मिटणारा. फरक एवढाच की इथे कुणी थांबलेलं नव्हतं. मागचे लोक कडेने निघून जात होते, आणि भांडणाऱ्यांना मजा येत होती.

रविवारी पार्क उघडायच्या आधी मी आणि गुरप्रीत रंगाचे डबे घेऊन त्या पायऱ्यांवर बसलो. प्रत्येक पायरीवर पावलांच्या दोन जोड्या रंगवल्या, चिखलात उमटून वाळलेल्या दिसाव्यात अशा. चार पायऱ्या, आठ माणसं. गाडीत चार रांगा, आठ सीट. कुटुंब लहान असेल तर उरलेल्या पायऱ्या मागून येणाऱ्यांच्या. स्टाफमधल्या एकीला रखवालदाराचा फेटा बांधून समोर उभं केलं. तिचं काम एकच, लोकांच्याच फोनवर त्यांचा फोटो काढायचा. भिंतीतल्या आवाजाला एक वाक्य जास्तीचं दिलं. ते गुरप्रीतनेच घसा खाकरून रेकॉर्ड केलं: "जैसे खड़े हो, वैसे ही बैठना. बावड़ी चेहरे याद रखती है."

पहिलं कुटुंब पायऱ्यांवर बराच वेळ भांडलं. फोटो काढला. खाली आलं आणि चक्क बसलं. एक काका जागा बदलायला उठले, तर मागून आजी म्हणाल्या, "फोटो में देख ले, तू कहाँ है." काका बसले. गाडी सुटली. वॉकीटॉकीवर गुरप्रीत म्हणाला, "अगली भेजो." त्याचा आवाज मला इतका गोड कधी वाटला नव्हता.

दुपारी चोप्रासाहेब आले. सोबत घरचे सगळे: आई, पत्नी, मुली, जावई, नातवंडं. कट्ट्यावर त्यांनी समोर उभं राहून स्वतः सगळ्यांना लावलं. आईला मधोमध, मोठ्या जावयाला आईपासून लांब. लोकांना जागेवर बसवायची त्यांना सवयच होती. फोटो झाला. मंडळी खाली आली, आपापल्या सीटवर बसली, सीटवरचा बार खाली आला आणि गाडी अंधारात शिरली.

चोप्रासाहेब प्लॅटफॉर्मवर माझ्या शेजारी उभे.

"और मैं?"

"सर, आप फोटो में नहीं थे."

 माझ्या मनात छोले उकळायला लागले. मग ते वळले आणि वर चढून गेले. मी मागोमाग. कट्ट्यावर फरीदाबादचं एक कुटुंब उभं होतं, शेवटच्या पायरीवर पावलांची एक जोडी रिकामी होती. पार्कचे मालक तिच्यावर जाऊन उभे राहिले. पुढच्या पायरीवरच्या बाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. "भाईसाहब, थोड़ा अंदर को. पूरे फ्रेम में आप ही आ रहे हो." त्यांनी पोट आत घेतलं. फोटो झाला, आणि ते त्या कुटुंबाबरोबर निमूटपणे खाली जाऊन शेवटच्या सीटवर बसले.

बाहेर आल्यावर त्यांनी त्या लोकांकडून तो फोटो मागून घेतला. मला दाखवला. आठ माणसं, त्यातली सात अनोळखी, आणि सगळ्यात जास्त हसत होते ते चोप्रासाहेब.

"वो सीधी रेलिंग रहने दो. लाइन ऐसी ही ठीक है," ते म्हणाले.

मी त्यांना थँक यू म्हणाले आणि मागच्या जिन्यात जाऊन आदल्या दिवशीचं राहिलेलं रडून घेतलं.

आम्हाला शिकवतात की रांगेत एकामागे एक माणूस उभा असतो. दिल्लीत एकामागे एक घर उभं असतं. घराला आपसात ठरवायला जागा द्यावी लागते. नाही दिली, तर ते तुमच्या गाडीच्या दारात ठरवतं.