मोल्डर सोपानची सोयरीक

“साहेब, म्हयनाअखेर जातो मी,” म्हणत सोपाननं राजीनामा माझ्या टेबलावर ठेवला. 

साठच्या दशकातली गोष्ट. पिरंगुटजवळ आमचा पंपांचा कारखाना होता आणि मी तिथं लेबर ऑफिसर. सोपान आमचा एक नंबरचा मोल्डर. मोल्डर म्हणजे वाळूत साचा करणारा. त्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात आणि पंपाचा सांगाडा तयार होतो. साचा बिघडला की माल भंगारात. बाकीचे मोल्डरही सोपाननंच हाताखाली घेऊन तयार केलेले. त्यात मोठी ऑर्डर अंगावर.

“का रे बाबा? कुणी काही बोललं?”

“न्हाई साहेब. लगीन मोडतंय.”

झालं होतं असं. आमचे सगळे मोल्डर टेंपररी. काही महिने भरले की ‘ब्रेक’ द्यायचा, म्हणजे थोडे दिवस घरी बसवायचं आणि पुन्हा नव्यानं कामावर घ्यायचं. परमनंटचा हक्क कुणी सांगायलाच नको! सोपानची सुपारी फुटली आणि त्याच आठवड्यात त्याचा ब्रेक आला. भावी सासऱ्यानं त्याला भरदिवसा पारावर बसलेलं पाहिलं. पोराला कामावरनं काढलं, असं त्यानं धरलं. चिंचवडची एक कंपनी सोपानला परमनंट घ्यायला तयार होती. त्याला गाव सोडायचं नव्हतं, पण पोरगीही घालवायची नव्हती.

मी तडक मालकांकडे गेलो.

“आप्पासाहेब, त्याला परमनंट करा.”

“एकाला केलं की सगळे मागतील. नवं मशीन येतंय, त्यावर कुणीही साचे काढेल.”

“मशीन यायला वर्ष आहे. ऑर्डर आत्ता आहे. आणि त्या मशीनवर उभं कोण राहणार, मी?”

आप्पासाहेब चिडले. मग म्हणाले, “जीप काढा. मीच त्या सासऱ्याला समजावतो.”

सासरे गणपतराव भाताच्या खाचराच्या बांधावर भेटले. घरी नेलं, गुळाचा चहा दिला. आप्पासाहेबांनी कारखान्याची थोरवी सांगितली, येणाऱ्या मशीनचं कौतुक केलं. त्याच्यासाठी खास शेड बांधतोय, रोज तेलपाणी करायला माणूस ठेवणार वगैरे.

गणपतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. “लई ब्येस. मग त्या मशीनला बी मदीमदी घरी बसवनार का?”

मला हसू आवरेना. मी कपात तोंड घातलं.

“बरं बरं,” आप्पासाहेब म्हणाले, “सोपानला परमनंट करतो. माझा शब्द.”

मला वाटलं, सुटलो. पण गणपतरावांनी मान हलवली.

“एकट्याला नगं. बाकीची पोरं कोन हायेत? समदी आमची भावकी, सोयरी. एकाच्याच ताटात तूप वाढलं तर पंगत उठंल, सायेब. माज्या जावयाला गावात कोन उभं करंल? करायचं तर समद्यांना करा. न्हाईतर त्यो चिंचवडला बरा.”

आम्ही तसेच परत निघालो. मला मनातून फार वाईट वाटत होतं. पोरं गुणाची होती, आणि दर ब्रेकच्या चिठ्ठीवर सही माझीच असायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बोलावलं. “सगळ्या मोल्डरांची परमनंटची पत्रं टाइप करा. आणि मशीनवाल्यांना कळवा, सध्या थांबा म्हणावं.”

“सगळ्यांची?”

“बहिरे आहात का? उद्या हे सगळे चिंचवडला गेले तर मी काय नुसती वाळू विकू?”

सोपाननं राजीनामा माझ्यासमोर फाडला आणि माझ्या पायाच पडायला लागला. मी त्याला आवरलं. ऑर्डर वेळेत गेली. लग्नात आप्पासाहेब मांडवात मांडी घालून जेवले आणि वर मला म्हणाले, “तुमच्या त्या गणपतरावानं मला पार नागवलं हो!” पण पुढं त्यांनी ब्रेकचं नाव काढलं नाही. पुण्याच्या मालकमंडळींतही ‘आधी माणूस, मग मशीन’ असं ठासून सांगायचे, जणू हे त्यांनाच सुचलं होतं.

मी नोकरीभर शेकडो मुलाखती घेतल्या. आता कुणी विचारलं, कंपनी चांगली कशी ओळखायची, तर एवढंच सांगतो: मालकाला विचारू नका, लेबर ऑफिसरला तर मुळीच नको. त्या गावातला बाप तिथल्या कामगाराला लेक देतो का, ते बघा.