पहिल्या बाकावरचे आजोबा

नातवंडांनो, आपल्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे ते आजोबा आता फार दिवसांचे सोबती नाहीत, म्हणून आजच लिहिते.

त्यांनी कधी उपासना चुकवली नाही. उपवासकाळात चहासुद्धा सोडत. पण प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेताना त्यांचा धाकटा भाऊ शेजारी गुडघे टेकायला आला, की ते उठून दुसऱ्या टोकाला जात.

काल गंगापूर रोडच्या दवाखान्यात त्यांनी माझा हात घट्ट धरला. "बाई, एवढं सगळं पाळलं, तरी भीती का वाटते हो?"

"पापातून तारण नेमधर्म पाळण्यानं मिळत नाही, दादा. क्षमा मागणाऱ्याला ते फुकट मिळतं. भाऊ बाहेर आलाय, बोलावू?"

"क्षमा? माझं काय चुकलंय?" म्हणत त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

भाऊ अजून दाराबाहेर बसून आहे.