देवाचं पाणी

मी चौथी शिकलेली, अक्षर वेडंवाकडं आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं. आज तांब्याची कळशी धुताना तिच्या ओल्या वासानं जतचा एक उन्हाळा आठवला. टँकर आला नव्हता. घरात देवाच्या अंघोळीपुरतंच कळशीभर पाणी होतं आणि त्याला सासूबाई कुणाला शिवू देत नसत. माझी तान्ही लेक तापानं फणफणली होती, पण पाणी मागायला माझं तोंड उघडेना. शेवटी सासूबाईंनीच कळशीत पदर बुडवून तिच्या कपाळावर ठेवला. मी हळूच म्हणाले, "आवं आत्या, देवाचं पाणी हाय." त्या म्हणाल्या, "एक दिस अंगोळ न्हाई झाली म्हणून देवाला काय ताप येत न्हाई." संध्याकाळी लेक दूध प्यायली. आता दारात नळ आहे. देवाला अंघोळ घालताना मी पाणी आधी कोपरावर घेऊन बघते, लेकरासाठी बघावं तसं.