कासारणीच्या हातातला हात

आमच्या आष्ट्यात बांगड्या भरायला येणारी कासारीण कधी कुणाच्या तोंडाकडे बघायची नाही. हात हातात घ्यायची, अंगठ्याचं बूड चोळायची आणि सांगायची, "आज हात मऊ हाय." नाहीतर म्हणायची, "आखडलाय. घरात कोन बोलत न्हाई?" तिचं बहुतेक खरं निघे, म्हणून मला तिची जरा भीतीच वाटे.

लढाई संपल्यावर माझे मालक चार वर्षांनी पलटणीतून घरी आले. माझ्या हातात दोनच जुन्या बांगड्या बघून त्यांनी जो अबोला धरला, तो आठ दिवस सुटेना. मीही विचारलं नाही.

नवव्या दिवशी कासारीण आली. माझा हात चाचपून तिने सोप्यात बसलेल्या मालकांना हाक मारली, "या बाबा, तुमीच भरा."

"कशाला? मी मेलो म्हनूनच बांगड्या न भरता बसली हुती न्हवं ती?"

मग मलाही राहवलं नाही. "तुमी जाताना भरल्याल्या हायत ह्या. डझनातल्या एवढ्याच राहिल्या. तुमी येस्तवर दुसऱ्या भरायच्या न्हाईत, असं ठरवलं हुतं मी."

मालक माझ्यापुढे येऊन बसले. कासारणीने हिरव्या बांगड्या त्यांच्या हातात दिल्या आणि लगेच आमच्याकडे पाठ करून ती टोपली आवरत राहिली. बंदुकीला सरावलेल्या त्या हातांनी पहिली हिरवी बांगडी कडकन वाढवली. दुसरीही वाढवली. मला रडता रडता हसू फुटलं.

"सावकाश हू द्या," कासारीण पाठमोरीच म्हणाली. "टोपलीत लय हायत."