नानांचा ळ

गेल्या महिन्यातला एक मंगळवार. बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यातल्या आमच्या छपाईच्या दुकानात मी दोन कागद शेजारी शेजारी भिंतीला चिकटवले होते… मजकूर एकच, फॉन्ट दोन. दोन्ही फुकट, दोन्ही ओपन सोर्स, आणि दोन्ही एकाच जुन्या शिशाच्या अक्षरांवरून नव्याने काढलेले.

तीच अक्षरं एकेकाळी आमच्या छापखान्यात होती. नाना, म्हणजे माझे वडील, उभी हयात तेच खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवत आले. त्यामुळे ही तुलना करायचा हक्क आपल्यालाच, असा माझा थाट.

पहिला फॉन्ट जुन्या कॅटलॉगवरून काढलेला. सगळी अक्षरं इस्त्री करून उभी… नाव ठेवायला जागा नाही, पण जीवही नाही. दुसरा जुन्या छापील पोस्टरांवरून काढलेला. कागदावर शाई पसरून अक्षर जरा अंगानं भरतं ना, ते भरलेपण त्यात तसंच ठेवलंय. लोधीपुऱ्यातल्या एका लग्नपत्रिकेसाठी मी हाच घेणार होतो.

नाना चहाला आले आणि दुसऱ्या कागदावरच्या 'विवाह सोहळा'वर बोट ठेवून उभेच राहिले.

"अरे बेटा, हा तर माझा ळ आहे! डावं पोट बारीक आहे की नाही, देख ना… चाकू सटकला होता माझा."

खरंच होतं. आमचे खिळे हिंदी कामासाठी घेतलेले, मोठ्या आकारात ळ नव्हताच. मग नानांनी सागवानाच्या तुकड्यातून एक ळ कोरला. एकच. 'बाळगोपाळ मंडळा'चं पोस्टर आलं की प्रत्येक कागद मशीनमधून तीनदा काढायचे… दर वेळी तोच ळ पुढच्या जागी बसवून.

फॉन्टसोबतची माहिती उघडली. 'ळ : बुऱ्हाणपूरचं जुनं पोस्टर, कारागीर अज्ञात.'

तो 'अज्ञात' माझ्यासमोर बशीत चहा ओतून पीत होता. डोकंच फिरलं माझं. लगेच बनवणाऱ्यांना मेल केला… सागवान, सटकलेला चाकू, बारीक पोट, नानांचं पूर्ण नाव, सगळं लिहिलं.

उत्तर फार सभ्य आलं. तो लाकडी ळ किंवा तुमच्या प्रेसचं नाव असलेला एखादा कागद दाखवा, नाव घालतो.

इथेच घोडं अडलं. कॉम्प्युटर आणला त्या वर्षी मीच खिळ्यांच्या सगळ्या लाकडी केस, खिळे, जुने कागद भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवले होते. नाना तेव्हा एवढंच म्हणाले होते, "तेवढा ळ राहू दे रे." आणि मी म्हणालो होतो, "ठेवून काय करायचंय नाना, धूळच खाणार." तरी पुन्हा मेल केला, पुरावा नाही म्हणून कळवलं, शब्दावर विश्वास ठेवा म्हणालो.

नाना रोज विचारायचे, "आलं का रे नाव?"

परवा फॉन्टची नवी आवृत्ती आली. धावत उघडली. ळ बदलला होता… दोन्ही पोटं अगदी सारखी, गुळगुळीत. खाली लिहिलं होतं, 'ळ मधला दोष दुरुस्त केला. दोष लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.' आणि पुढे माझं नाव.

चाकू सटकल्याचं मीच सांगितलं होतं ना.

एकदा ळ भंगारात घातला, दुसऱ्यांदा मेल करून पुसला. दोन्ही वेळा हात माझाच.

पत्रिका मी जुन्याच आवृत्तीत छापली. नानांनी ती डोळ्यांजवळ धरून पाहिली, ळ वर अंगठा फिरवला आणि विचारलं, "मग, नाव आलं?"

मी म्हणालो, "आलं, नाना."

कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही. तेवढ्यासाठी मात्र मी त्यांचा आभारी आहे.