मारोतीशी भांडणारे भाऊ

ब्रह्मपुरीत आमच्या शेजारी बैलबंडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवणारे एक भाऊ राहत. भात्याजवळच्या कोनाड्यात त्यांचा मारोती होता, आणि घणाच्या ठोक्यागणिक त्याला एक शिवी बसे. त्यांचा बैल मेला तेव्हा त्यांनी मारोतीचं तोंड भिंतीकडे फिरवलं. नैवेद्य मात्र दोन्ही वेळ चालू. मी विचारलं, तर म्हणाले, "रुसलो त्याच्यावर. पन उपाशी कसा ठेवू, बाई?"

माझे यजमान गेले तेव्हा मी कामांची यादी केली आणि एकेक काम उरकलं. चौदाव्या दिवशी देव फडक्यात गुंडाळून ट्रंकेत घातले आणि रोजच्या यादीतली 'पूजा' खोडली. रडणं कुठल्याच यादीत नव्हतं.

भाऊ आमचा विळा धार लावून परत द्यायला आले, तर देवघर रिकामं.

"देव कुठी गेले?"

"ट्रंकेत."

"भांडल्या का त्यायच्याशी?"

"नाही."

"मंग न भांडताच काऊन हाकललं? काढा बाहेर. मी ओसरीवर बसतो."

देव पाटावर मांडून मी दबक्या आवाजात भांडायला सुरुवात केली. लगेच ओसरीवरून हाक आली, "जोरानं, बाई! मलेच ऐकू नाई येऊन राह्यलं, त्याले काय येईल!"

मग मी जोरात भांडले. इतकी वर्षं नेमानं केलं त्याचं हेच फळ का, म्हणून विचारलं, आणि रडले. उत्तर काही आलं नाही. पण रिकाम्या घरात कोणी इतका वेळ भांडत नाही, हे माझ्या लक्षात आलं.